बावन्न वर्षांची वाट

गाडगेबाबांची माझी पहिली ओळख पाठ्यपुस्तकातून झाली. खरी ओळख मात्र दादरच्या धर्मशाळेत झाली. २०१९ साली माझ्या काकांना मुंबईला टाटा रुग्णालयात न्यावे लागले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि सुट्टी असल्यामुळे वडिलांबरोबर गेलो होतो. आमच्या घरातील कोणीही त्याआधी मुंबई पाहिली नव्हती. रुग्णालय मिळाले, पण रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न वडिलांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता. कोणीतरी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे असे सांगितले. कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातलग तिथे राहतात. आम्हाला जागा मिळाली. रात्री वडील म्हणाले की हा आपल्याच वऱ्हाडातला माणूस, घरदार सोडून गेला, म्हणून आज आपल्याला छप्पर मिळाले. ते वाक्य माझ्या मनात राहिले.

परत आल्यावर मी ही गोष्ट आजीला सांगितली. आजीने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, की तो गेला हे खरे, पण त्याच्या बायकोने मागे काय केले असेल? मला उत्तर देता आले नाही. शाळेत दरवर्षी २० डिसेंबरला आम्ही हातात झाडू घेऊन मैदान झाडत असू आणि भाषणे करीत असू. त्या भाषणांत बाबांची बायको कधी आली नव्हती. या लेखाचे निमित्त झाले आणि मी ग्रंथालयातून त्यांची चरित्रे मागून वाचली. आजीचा प्रश्न डोक्यात ठेवूनच वाचली. जे समजले ते माझ्या कुवतीप्रमाणे येथे मांडतो.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. घर परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच गेले. डेबूजी त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. आई सखुबाईपुढे दुसरा मार्ग नव्हता. मुलाला घेऊन ती माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी, आली. आज ज्याचा पुतळा चौकाचौकांत उभा आहे तो माणूस मामाच्या घरी आश्रित म्हणून वाढला, हे आपण बहुधा विसरतो. आश्रिताला शाळा कुठली? त्यांच्या वाट्याला गुरे आली. गुरे राखता राखता ते मोठे झाले, औत धरू लागले, पेरणी, निंदण, डवरणी, सोंगणी या सगळ्या कामांत तरबेज झाले. पूर्णा नदीच्या पुरात पोहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असे सांगतात. दिवसभर शेत आणि रात्री भजन असा त्यांचा क्रम होता. अक्षरओळख नव्हती, पण संतांचे अभंग तोंडपाठ होते.

मामा चंद्रभान कष्टाळू होते. परंतु सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. विश्वासाने अंगठा उठवला आणि एक दिवस जमीन आपली राहिली नाही हे कळले. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. घराचा सगळा भार डेबूजींवर आला. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांना त्यांनी परत पाठवले, असे चरित्रकार लिहितात. वऱ्हाडात कापसाचा पैसा खेळत होता तो हा काळ. कापसाबरोबर कर्ज आले आणि कर्जाबरोबर कोर्टकचेऱ्या आल्या. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची कहाणी अशीच आहे. फरक इतकाच, की त्या घरांतून गाडगेबाबा निघाले नाहीत.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुले झाली. मुलीच्या बारशाचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या वेळच्या रीतीप्रमाणे बारशाला भावकीला दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागे. डेबूजींनी ते दिले नाही. गोडाचे जेवण वाढले. भावकी चिडली, नावे ठेवू लागली. पण बाप दारूने गेलेला मुलगा स्वतःच्या दारात दारूची पंगत कशी बसवणार? एवढ्याशा गोष्टीला केवढे धाडस लागते ते खेड्यात राहिलेल्यांनाच कळेल. सरकारच्या विरुद्ध जाणे एक वेळ सोपे, भावकीच्या विरुद्ध जाणे कठीण.

म्हणजे घर सोडण्याच्या वेळी डेबूजी काही रिकामे, बेकार किंवा संसारात हरलेले नव्हते. शेती चालली होती. गावात शब्दाला मान होता. अंगात रग होती. असे सर्व असताना १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात ते घराबाहेर पडले. एकोणतीस वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. अंगावर फाटके धोतर, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. आई, बायको, मुले झोपेत होती. त्याआधी शेतात राखणीला असताना त्यांना कोणी साधू भेटला, असे चरित्रकार सांगतात. भेटला असेलही. पण मला वाटते, ती ठिणगी असेल, सरपण आधीच रचलेले होते. दारूने मेलेला बाप, कागदाने मारलेला मामा आणि रूढीसाठी कर्ज काढणारी भावकी हे ते सरपण.

पुढची सुमारे बारा वर्षे त्यांची भ्रमंती चालली. एका गावात फार दिवस राहायचे नाही हा नेम. वेष असा, की पाहणाऱ्याने वेडा समजावे. अंगावर निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, एका पायात एक जोडा तर दुसऱ्या पायात दुसराच. हातात खराटा आणि जवळ गाडगे. त्या गाडग्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी नावेही तशीच दिली. कोणी गोधडेबुवा म्हणे, कोणी चिंधेबुवा, कोणी लोटके महाराज. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले. आईबापांनी ठेवलेले नाव गेले आणि मातीच्या भांड्याचे नाव लागले.

त्यांची रीत मोठी वेगळी होती. गावात शिरले की कोणाच्या ओसरीवर बसायचे नाही. सरळ खराटा हातात घेऊन रस्ता झाडायला लागायचे. कोणाची लाकडे फोडायची, कोणाच्या शेतात काम करायचे, मग भाकरी मागायची. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही. कोणी पाया पडू लागला की ते मागे सरत, कधी पळही काढीत. भगवी वस्त्रे घालून, अंगाला राख फासून, न राबता जेवणारे साधू त्या काळी थोडे नव्हते. शेतकऱ्याला त्यांचा धाक वाटे आणि मनातून रागही येई. गाडगेबाबांनी साधूचा फिरस्ता मार्ग घेतला, पण त्यातला आयता घास टाकून दिला. ते रस्त्यावर आले तेव्हा शेतकऱ्याचे हात बरोबर घेऊन आले.

येथे मला थोडे आजच्याविषयी लिहावेसे वाटते. नोकरी सोडून देशभर फिरणाऱ्या तरुणांची छायाचित्रे आपण सगळेच मोबाइलवर पाहतो. डोंगर, समुद्र, मोकळा रस्ता. सकाळच्या एस. टी. च्या गर्दीत उभ्याने कॉलेजला येताना मलाही ते आयुष्य हवेसे वाटते, हे खोटे कशाला सांगू? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पदवी घ्यायची, परीक्षा द्यायच्या, नोकरी लागली की घराचे कौल बदलायचे, बहिणीचे लग्न करायचे, हा रस्ता माझ्यासाठी आधीच आखलेला आहे. अशा वेळी सर्व सोडून निघून गेलेल्या माणसाचे चरित्र वाचताना मन थोडे चोरटे होते. त्याच्या जाण्यात आपण आपल्यासाठी पळवाट शोधू लागतो. पण गाडगेबाबांच्या चरित्रात ती पळवाट मला सापडली नाही. ते जिथे गेले तिथे त्यांना पुन्हा कामच दिसले. उलट घरी होते त्याहून जास्त दिसले.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. त्या काळी नदीवर नीट घाट नव्हता. चिखलात बायाबापड्या, म्हातारी माणसे घसरून पडत. बाबांनी ते पाहिले आणि तिथे घाट बांधण्याचे मनावर घेतले. १९०८ च्या सुमाराचे हे काम. लोकांकडून वर्गणी जमली, पण बाबा स्वतः टोपली उचलून राबले. याच यात्रेत घरच्या माणसांची आणि त्यांची गाठ पडे. आई रडे, घरी चल म्हणे. बाबा काम सोडीत नसत. दापुऱ्याहून ऋणमोचन काही फार दूर नाही. घर इतक्या जवळ असताना घरी न जाणे हे दूरदेशी निघून जाण्यापेक्षा अवघड असले पाहिजे.

मग त्यांचे कीर्तन सुरू झाले. ते पेटीतबल्याचे, शास्त्रोक्त कीर्तन नव्हते. साधी वऱ्हाडी बोली, समोर हजारो माणसे आणि बाबा त्यांनाच प्रश्न विचारणार. देव नवसाला बोकड मागतो का? लग्नासाठी कर्ज कशाला काढता? पोराला शाळेत का घालीत नाही? लोक उत्तर देत आणि उत्तर देता देता आपल्याच अडाणीपणावर हसत. शेवटी गोपालाच्या नावाचा गजर होई आणि बाबा दुसऱ्या गावाच्या वाटेला लागत. सकाळी माणसे जेवायला बोलवायला यावीत तर बाबा केव्हाच गेलेले असत. त्यांच्या उत्तर काळातील एक कीर्तन, १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात झालेले, ध्वनिमुद्रित झाले आहे. मी ते ऐकले आहे. आवाज थकलेला आहे, पण गर्दी एका सुरात उत्तर देते ते ऐकताना अंगावर काटा येतो.

या कीर्तनांतले विषय मी एका कागदावर लिहून काढले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दारू पिऊ नका, कारण बाप दारूने गेला. कर्ज काढू नका, कारण कर्जाने जमीन गेली. मुलांना शिकवा, कारण मामाला कागद वाचता आला नाही. बोकड कापू नका, रूढीपायी पैसा उधळू नका, कारण बारशाला तोच झगडा झाला. म्हणजे बावन्न वर्षे गावोगाव फिरून त्यांनी जे सांगितले ते सारे पहिल्या एकोणतीस वर्षांत त्यांच्या घरात घडून गेलेले होते. त्यांनी घर सोडले खरे, पण घराचे दुःख गाडग्यात घालून बरोबर नेले आणि महाराष्ट्रभर वाटले. त्यांच्या उपदेशाचा आधार पोथी नव्हती. म्हणूनच पोथी न वाचणाऱ्यांना तो पटला.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्या झाल्या. मूर्तिजापूरला धर्मशाळेबरोबर गोरक्षणाचे काम सुरू केले. १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. बाहेरगावचा रोगी खाटेवर असतो, पण त्याच्या नातलगाला शहरात कोणी वाली नसतो, ही गोष्ट ज्याने स्वतः अनेक रात्री उघड्यावर काढल्या त्यालाच सुचावी. आमच्या कुटुंबाला दादरला जे छप्पर मिळाले ते याच विचाराचे फळ आहे.

या सर्वांत पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची गोष्ट मोठी आहे. वारीला अस्पृश्य मानलेले हजारो लोक येत. त्यांना देवळात जाता येत नसे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले तेव्हा कुठे ते दार उघडले. देवाच्या दारात जागा नाही आणि रात्री निवाऱ्यालाही जागा नाही, अशी त्यांची स्थिती होती. बाबांनी देवळाच्या दारासाठी वाद घातला नाही, या लोकांसाठी वेगळी धर्मशाळाच बांधली. ते स्वतः पंढरपूरला जात, पण वाळवंट झाडीत आणि विठ्ठलाचे दर्शन न घेताच परतत, असे सांगतात. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक परदेशात शिकून आलेला महापंडित आणि एक अक्षरशत्रू फिरस्ता. दोघांचे मार्ग वेगळे, पण दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. कष्टाने उभी केलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती देणे हे त्या विश्वासाचे सर्वांत मोठे प्रमाण मला वाटते.

शिक्षणाविषयी तर बाबा फारच आग्रही होते. जेवायची ताटे विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा सांगण्याचा रोख असे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कार्याविषयी त्यांना जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. आपल्या अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची. २००५ साली त्यालाही संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. म्हणजे ज्यांना स्वतःची सही करता येत नव्हती त्यांचे नाव माझ्या पदवीच्या कागदावर असणार आहे. माझ्या आजोबांनाही अंगठाच उठवावा लागे. तो कागद घरी नेईन तेव्हा ही गोष्ट मी सर्वांना सांगणार आहे.

आता आजीचा प्रश्न. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सोपा नाही. बाबा गेल्यावर आई सखुबाई आणि पत्नी कुंताबाई यांनी कष्टात दिवस काढले. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रा चावल्याचे निमित्त होऊन वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. तिथेच त्यांना ही बातमी कळली. कीर्तन त्यांनी थांबवले नाही. चरित्रकार हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून सांगतात. मी मात्र तो वाचताना पुस्तक मिटून ठेवले. बापाला सांत्वन करायला समोर हजार माणसे होती. आईला कोण होते? कुंताबाईंना त्या रात्री काय वाटले हे कोणत्याच चरित्रात मला मिळाले नाही.

बाबांनी हाती आलेल्या लाखो रुपयांतला एक पैसा घरच्यांना दिला नाही. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांवर आपल्या नातेवाइकांचा किंवा शिष्यांचा काही हक्क नाही, अशी व्यवस्था त्यांनी विश्वस्तांच्या हाती करून ठेवली. १९५२ साली गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. पुढाऱ्यांची मुले पुढारी आणि महाराजांची मुले महाराज होतात हे आपण पाहतोच. त्या दृष्टीने हे वागणे फार थोर आहे. परंतु त्या थोरपणाची किंमत जशी बाबांनी दिली तशी कुंताबाईंनीही दिली. बाबांनी ती स्वतः निवडून दिली, कुंताबाईंना कोणी विचारले नाही. बाबांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, म्हणून ही गोष्ट लपवावी असे मला वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले, त्याच्याविषयी एक प्रश्न विचारला तर तो रागावणार नाही.

माझ्यापुरते मी एवढेच समजलो, की सोडून जाणे यात आपोआप मोठेपण नाही. जाणाऱ्याने पुढे काय केले यावर ते ठरते. मागच्यांचे देणे मात्र त्यानेही फिटत नाही. बाबांनाही हे ठाऊक असावे. नाही तर एक माणूस बावन्न वर्षे एका जागी न बसता, एक दिवस न विसावता का राबेल? आपल्या मुलाबाळांच्या वाट्याचा जन्म आपण लोकांना दिला, तर त्यातला एक दिवसही वाया जाता कामा नये, असे काहीसे त्यांच्या मनात असेल का? हा माझा तर्क आहे. चरित्रात तसे लिहिलेले नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबा त्या वेळी आधीच आजारी होते. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, त्यांना मोटारीतून अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. घरी नाही, आश्रमात नाही, वाटेवरच गेला. अमरावतीला त्यांची समाधी आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आजीला वाचून दाखवला. तिला लिहिता-वाचता येत नाही. कुंताबाईंचा भाग आला तेव्हा तिने मान हलवली. मग म्हणाली की माझ्या बापाने त्यांचे कीर्तन ऐकून दारू सोडली होती. इतकी वर्षे हे तिने आम्हाला सांगितले नव्हते. पणजोबांनी त्या रात्री दारू सोडली नसती तर आजीला ज्या घरात दिले त्या घरात दिले असते की नाही, माझे वडील शेत राखू शकले असते की नाही आणि मी आज या वर्गात बसलो असतो की नाही, कोण सांगणार? कुंताबाईंच्या घरातून गेलेले काहीतरी अशा रीतीने आमच्या घरात आले आहे. ते कुंताबाईंचे देणे आहे आणि आमच्यावर आहे, एवढे मी समजून असेन.